आईची रात्रीची पिवळी गोळी

ताई, नमस्कार. नागपूरहून, मानेवाड्यातून लिहिते आहे. माझं वय ३८. आई ६७ वर्षांची, बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिला १४ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू, बीपीची गोळी चालू आणि दोन्ही गुडघे घासलेले. गुडघ्यासाठी ती रोज रात्री डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घ्यायची. डॉक्टरांनी कधीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिलेली, मग आम्ही मेडिकलमधून आणतच राहिलो, असे चार वर्षं गेले. या उन्हाळ्यात किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.८, म्हणजे जास्त आलं तर डॉक्टरांनी ती गोळी एकदम बंद केली, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल द्या म्हणाले. आई ऐकेना. रात्रभर कण्हायची, "माझी तीच गोळी दे ना वं" म्हणून रडायची. एका रात्री मला काही सुचेना, धाकट्याच्या बाळंतपणातल्या फॉलिक ॲसिडच्या छोट्या पिवळ्या गोळ्या डब्यात पडून होत्या, त्यातली एक दिली आणि म्हटलं घे तुझी गोळी. वीस मिनिटांत शांत झोपली. अडीच महिने झाले, रोज हेच चालू आहे. परवा भाऊ आला पुण्याहून, त्याला सांगितलं तर म्हणे मग इतकी वर्षं आईचं नाटकच होतं. मला फार लागलं ते. मावशी म्हणते बघ मनाची ताकद, गुडघे बरे झाले तर शुगर पण होईल, मेटफॉर्मिनच्या जागी पण साधीच गोळी दे, वरून रोज व्हिडिओ पाठवते. मी आईला फसवून राहिली का? तिला सांगू का? सांगितलं आणि परत दुखायला लागलं तर? मला स्वतःला झोप नाही, महिन्याआधी हाताला कुकरचा चटका बसला तो अजून भरला नाही, कशातच लक्ष लागत नाही. — एक मुलगी, मानेवाडा

बाळा, आधी तुझ्या भावाचं बोलते, कारण त्याचं ते एक वाक्य आईच्या कानावर गेलं तर फार वाईट होईल, आणि ते वाक्य चूक आहे. थोडंफार चूक नाही, पूर्ण चूक आहे.

खोट्या गोळीने दुखणं थांबलं म्हणजे दुखणंच खोटं होतं, हा हिशोब आपल्याकडे सगळेच लावतात. मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काढली, चांगले शिकलेले डॉक्टरही असं बोलताना ऐकले आहेत, की पाण्याच्या इंजेक्शनने बरी झाली, म्हणजे काही नव्हतंच तिला. पण हा हिशोब १९७८ सालीच मोडला. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोला लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर प्रयोग केला होता. दाढ काढल्यावर भूल उतरली की कसं ठणकतं ते ज्याची काढली त्यालाच माहीत. या पेशंटना दुखण्याचं औषध म्हणून जे दिलं त्यात औषध नव्हतंच, आणि तरी त्यातल्या काहींना चांगला आराम पडला. त्यांना मग नॅलोक्सोन दिलं. नॅलोक्सोन म्हणजे मॉर्फिनचा, अफूच्या जातीच्या सगळ्याच औषधांचा उतारा, कोणाला मॉर्फिन जास्त होऊन श्वास मंदावला की आम्ही धावत जाऊन तेच द्यायचो. तर तो उतारा दिल्यावर, ज्यांना आराम पडला होता त्यांचं दुखणं परत वाढलं.

आता तूच विचार कर, बाहेरून मॉर्फिनचा एक थेंब आत गेलेला नाही, मग उतारा उतरवून राहिला कशाला? तर मेंदू स्वतःच अफूच्या जातीची द्रव्यं तयार करतो, एंडॉर्फिन म्हणतात त्यांना, आणि आपल्याला औषध मिळालं, आता आराम पडेल असं मनाने धरलं की तो ती सोडतो. उतारा त्यालाच लागू पडला. सोंग असतं तर नॅलोक्सोनने त्याला काय फरक पडणार होता? हे तुझ्या भावाला असंच्या असं सांग. आईचं दुखणं खरं होतं आणि त्या पिवळ्या गोळीनंतर पडलेला आरामही खराच आहे, आईच्या शरीराने तो स्वतः तयार केला. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या पेशंटमध्ये तर २००१ साली स्कॅन करून पाहिलं आहे, नुसत्या नावाच्या औषधाने त्यांच्या मेंदूत खरोखरीचं डोपामिन, त्या आजारात कमी पडतं तेच द्रव्य, सुटत होतं. अशा औषध नसलेल्या, नुसत्या नावाच्या औषधाला प्लासिबो म्हणतात.

आणि गुडघ्याचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. ह्यूस्टनला मोझली नावाचे हाडांचे सर्जन होते, त्यांनी आणि त्यांच्या टीमने गुडघे घासलेले १८० पेशंट घेतले. काहींचा गुडघा दुर्बिणीतून आत जाऊन साफ केला, काहींचा नुसता पाण्याने धुतला, आणि काहींना टेबलावर घेऊन, गुंगीचं औषध देऊन, गुडघ्यावर तीन चिरे देऊन टाके घातले, बस. आत काहीच केलं नाही. हे असंही होऊ शकतं याला पेशंटनी आधी लेखी होकार दिलेला होता, पण आपल्या वाट्याला काय आलं ते कोणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षं त्यांना पाहत राहिले, दुखणं विचारलं, चालवून पाहिलं, जिने चढवून पाहिले. तिन्ही गटांत फरक नाही. २००२ साली हे छापून आलं तेव्हा हाडांच्या डॉक्टरांमध्ये भल्ला गोंधळ झाला होता.

पण या प्रयोगाचा अर्थ नीट लाव हं, लोक इथेच घसरतात. यातून खोट्या ऑपरेशनने गुडघे बरे झाले असं निघत नाही. घासलेला गुडघा घासलेलाच राहतो. शिवाय ज्याला काहीच केलं नाही असा गट त्यात नव्हताच, तर किती आराम मनाने दिला आणि किती दुखणं आपलं आपण ओसरलं हे त्यावरून सांगता येत नाही. गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस दवाखान्यात जातो तेव्हा ती भरतीला असते, मग काहीही करा, पुढे थोडी ओसरतेच. तुझ्या आईचंही थोडं तसं असेल. तू गोळी दिली ती त्यातल्या सगळ्यात वाईट रात्री, त्यानंतर काही रात्री तशाही बऱ्याच गेल्या असत्या. म्हणून सगळं श्रेय त्या गोळीला देऊ नको, आणि म्हणूनच ती बंद करायला घाबरूही नको.

ती बंद करायचीच आहे. कारण मनाचं वगैरे नाही, साधं औषधाचं आहे. तुझी आई इतकी वर्षं मेटफॉर्मिनवर आहे, मेटफॉर्मिनने काही लोकांच्या अंगातलं बी-१२ हे व्हिटॅमिन हळूहळू कमी होत जातं. बी-१२ कमी झालं की रक्त कमी होतं आणि नसा खराब होतात, तळपायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं. अशात रोज फॉलिक ॲसिड दिलं की रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसायला लागतो पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं, कमतरता झाकली जाते. तुला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, मनाला लावून घेऊ नको. पण गोळीत "काहीच नाही" असं समजून घरातली कुठलीही जुनी गोळी कोणाला देऊ नये, आणि बाळंतपणातल्या त्या गोळ्यांची एक्स्पायरी तरी पाहिली का तू? आईला विचार पायात मुंग्या येतात का, आणि डॉक्टरांना सांगून बी-१२ तपासून घे. ही अडीच महिन्यांची गोष्टही त्यांना खरी सांग, ते ओरडणार नाहीत, आणि ओरडले तर ओरडू दे. क्रिएटिनिन १.८ असताना मेटफॉर्मिन किती द्यायचं, द्यायचं की नाही, हेही त्यांनाच ठरवावं लागतं. डायक्लोफेनॅक मात्र आईच्या हाताला लागेल अशा ठिकाणी घरात ठेवूच नको, दुखण्याच्या असल्या गोळ्या रोज घेतल्या की किडनीला जाणारं रक्त कमी होतं आणि शुगर-बीपीवाल्यांची किडनी आधीच नाजूक असते.

आता तुझा खरा प्रश्न, आईला सांगू का.

सांग. मी हे पुस्तकातून सांगत नाही, माझ्या हातून झालेल्या गोष्टीवरून सांगते.

मी नोकरीला नवीन होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात काटोलकडची एक आजी होती, पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके सुकत आले होते पण रात्री ११ वाजले की तिचं सुरू व्हायचं, "सिस्टर, सुई द्या ना वं माय". डॉक्टरांनी सांगितलं डिस्टिल्ड वॉटर टोचा. मी टोचलं. ती झोपली. चार रात्री मी तेच केलं, आणि खरं सांगते, मला तेव्हा आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं. पाचव्या दिवशी कोणीतरी तिच्यासमोर बोलून गेलं. मी ड्यूटीवर गेले तर आजी उठून बसलेली, मला म्हणाली, "सिस्टर, पाणी टोचलं काय मले?" मी काहीच बोलू शकले नाही. त्यानंतर ती डिस्चार्ज होईपर्यंत आजीने माझ्या हातची प्रत्येक सिरिंज आधी स्वतःच्या हातात मागून घेतली, ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली, त्यातलं औषध पांढरं आहे का पिवळं आहे ते निरखलं आणि तरी विचारलं, "यात काय हाय?" खऱ्या ॲन्टिबायोटिकलाही तिने दोन वेळा नाही म्हटलं. खोट्या इंजेक्शनमुळे खरं इंजेक्शन गेलं. ती सिरिंज धरलेला तिचा हात अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

तुझ्या घरात ही गोष्ट आता तुला माहीत, भावाला माहीत, मावशीला माहीत. म्हणजे आईला कळणारच. ती भावाच्या तोंडून, भांडणात, "नाटक" या शब्दासोबत कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून, तिचे पाय दाबता दाबता कळलेली बरी.

आणि सांगितलं की परत दुखेल ही तुझी भीती. थोडं वाढेल कदाचित, मी नाही कशाला म्हणू. पण गोळीत काही नाही हे माहीत असूनही फरक पडतो असं आता दिसलेलं आहे. हार्वर्डचे टेड कॅपचक आणि त्यांच्या टीमने २०१० साली पोटाच्या जुनाट तक्रारीचे ८० पेशंट घेतले, आयबीएस म्हणतात तो आजार, आणि साधारण अर्ध्यांना सरळ तोंडावर सांगितलं की या गोळीत औषध नाही, साखरेच्या गोळीसारखीच आहे, पण अशा गोळीने मन आणि शरीर मिळून फरक पडतो असं दिसलेलं आहे, तर विश्वास बसो न बसो, रोज नेमाने घ्या. बाटलीवर पण प्लासिबो असंच लिहिलेलं. बाकी अर्ध्यांना गोळी नाही, पण डॉक्टरांचं भेटणं-बोलणं तितकंच. तीन आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोक म्हणाले पुरेसा आराम आहे, न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. लहान प्रयोग आहे, तीनच आठवड्यांचा आहे, पण त्यात कोणाला फसवलेलं नव्हतं.

मला यातून जे कळलं ते असं, की आराम गोळीत नव्हता तसा तो खोट्यातही नव्हता. इटलीत तुरिनला बेनेदेत्ती नावाचे मेंदूचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ऑपरेशन झालेल्या पेशंटना दुखण्याचं खरंच औषध दिलं, पण काहींना डॉक्टर समोर उभे राहून, सांगून द्यायचे आणि काहींना पडद्यामागच्या मशीनमधून, कधी दिलं ते पेशंटला कळूच न देता. औषध तेच, आणि मशीनवाल्यांना तितकाच आराम पडायला जास्त औषध लागलं. म्हणजे समोरचं माणूस, त्याचं बोलणं, त्याचा हात, हा औषधाचाच भाग आहे. वॉर्डात आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं पण रात्रपाळीची प्रत्येक सिस्टर हे जाणते, कोणाच्या हातची सुई दुखते आणि कोणाच्या हातची दुखत नाही हे पेशंट बरोबर सांगतात.

तूच लिहून पाठवलंस तेच परत वाच. तू पहिल्यांदा गोळी दिली ती रात्री, तिच्या पलंगावर बसून, तिचं रडणं ऐकून. त्याआधी काय होत होतं? गोळी बंद झाली, डॉक्टर म्हणाले पॅरासिटामॉल द्या, घरात सगळे म्हणत असतील आता सहन कर, किडनी जाईल तुझी. मग एक दिवस लेक जवळ येऊन बसते आणि म्हणते घे तुझी गोळी. आईला ऐकू आलं ते हे, की माझं दुखणं माझ्या लेकीला समजलं.

म्हणून तिला असं सांग. दुपारी नको, जेवण झाल्यावर रात्री नेहमीच्या वेळेला सांग. म्हण, आई, मी देत होते त्या गोळीत दुखण्याचं औषध नव्हतं, तुझी किडनी वाचवायची होती आणि तुझं रडणं पाहवत नव्हतं म्हणून मी खोटं बोलले, माझं चुकलं. पण अडीच महिने तू जे झोपलीस ते तुझ्या अंगातल्या औषधाने झोपलीस, डॉक्टर लोकांनी हे तपासून पाहिलेलं आहे. चिडेल. एक-दोन दिवस बोलणार नाही. बोलू नको म्हणावं, पण ती वेळ सोडू नको. रोज दहा वाजता तिच्या पलंगावर जाऊन बसायचंच. तेल कोमट करायचं, गुडघ्याला वरवर लावायचं, शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहायची, शुगरवाल्या पायाला चटका कळत नाही आणि त्याची जखम लवकर भरत नाही. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा एकेका पायाला. हा व्यायाम मनाचं समाधान नाही, मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो, फक्त रोज करावा लागतो आणि फरक दिसायला काही आठवडे लागतात. त्याउपर दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल आहेच, तेही तूच हातात दे, "हे किडनीला चालतं, हे दुखण्याचंच औषध आहे" असं सांगून दे. हे खरं आहे, आणि खरं सांगून दिलेलं खरं औषध जास्तच लागू पडतं, मशीनवाल्या प्रयोगाचं आत्ताच सांगितलं ना.

आता मावशी. मावशीचा जीव आहे आईवर, पण तिचं ऐकलंस तर आईला घेऊन इमर्जन्सीत पळावं लागेल, म्हणून हे जरा कडक सांगते. मेटफॉर्मिनला आपल्या मनाने हात लावायचा नाही.

प्लासिबोची पोहोच कुठपर्यंत हे दाखवणारा दम्याचा एक फार सुंदर प्रयोग आहे, २०११ सालचा. त्याच पेशंटना आळीपाळीने खरा पंप, खोटा पंप, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही असं देऊन पाहिलं. विचारलं, किती बरं वाटलं? खऱ्या पंपाने ५० टक्के, खोट्या पंपाने ४५, खोट्या सुयांनी ४६, काहीच न देता २१. म्हणजे वाटण्यात खरा आणि खोटा जवळजवळ सारखाच. मग मशीनमध्ये फुंकर मारायला लावून फुप्फुस मोजलं. खऱ्या पंपाने २० टक्के सुधारलं आणि बाकी तिन्हींत साधारण ७ टक्केच. पेशंटला बरं वाटत होतं, श्वासनळी मात्र आवळलेलीच होती.

दुखणं, मळमळ, झोप, थकवा, उदास वाटणं, हे मेंदूच्या हातातलं आहे, तिथे तो कमी-जास्त करू शकतो. शुगर तशी नाही. शुगर दुखत नाही, ३०० झाली तरी माणूस पोहे खात गप्पा मारत बसलेला असतो, आणि साधी गोळी घेऊन आईला छान वाटेल, मावशीला व्हिडिओ खरा वाटेल आणि तिकडे डोळ्याचा पडदा, किडनी, पायाच्या नसा जात राहतील. बीपीचं तेच, किडनीचं तेच, टीबीचंही तेच, दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि लोक गोळ्या सोडतात. यांना "बरं वाटणं" ही पट्टी चालतच नाही, रिपोर्टच पाहावा लागतो. आपल्या देशात डायबिटीस बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच कायद्याने बंदी आहे, १९५४ चा कायदा आहे, कारण लोक असेच फसत होते. मावशीला हे सांग.

आपल्याकडे कावीळ उतरवतात ना, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, गळ्यात काड्यांची माळ घालतात ती दिवसेंदिवस लांब होते. काड्या सुकून आकसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात म्हणून माळ लांब होते, आणि पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. श्रेय माळेला जातं. पण पित्ताच्या नळीत खडा अडकून कावीळ झालेला माणूस तीच माळ घालून महिनाभर बसला की काय होतं ते मी वॉर्डात पाहिलं आहे. मला कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दरवर्षी नागपूरच्या महाल भागात मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला जायची, "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडताना गळा भरून येतो आणि घरी येताना खरंच हलकं वाटतं, ते हलकं वाटणं मला फार मोलाचं आहे. पण घरी येऊन कुलरची टाकी रिकामी करून पुसून ठेवायची, हेही मी दरवर्षी केलं, कारण डेंगूचा मच्छर तिथे असतो.

आणि मन जसा आराम देतं तसा त्रासही देतं, याला नोसिबो म्हणतात. लंडनला ६० लोकांवर प्रयोग झाला, २०२० साली छापून आला. कोलेस्टेरॉलच्या गोळीने त्रास होतो म्हणून ती सोडून दिलेले लोक होते सगळे. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच रिकामी गोळी, काही महिने काहीच नाही असं दिलं. खऱ्या गोळीवर जितका त्रास वाढला त्याच्या ९० टक्के रिकाम्या गोळीवरही वाढला. गोळी घेतली, आता त्रास होणार, या धास्तीनेच तो बराचसा होत होता. म्हणून घरातलं बोलणं सांभाळा. "गुडघे संपले", "आता काही होत नाही याचं", "किडनी जाणार" असं तिच्यासमोर कोणी बोलायचं नाही. माणूस असं एकदा ऐकतो आणि मग प्रत्येक पाऊल जपून, घाबरून टाकतो, स्नायू अजून ढिले पडतात, अजून दुखतं. भावाचं ते "नाटक" यातलंच आहे. दुखतं म्हटलं की कोणी विश्वास ठेवणार नाही असं आईला वाटलं तर ती सांगणं बंद करेल, दुखणं बंद होणार नाही.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं, जे तू जाता जाता लिहून टाकलंस, कुकरचा चटका महिना झाला तरी भरला नाही. मी तिथेच थांबले होते वाचताना.

१९९५ साली अमेरिकेत ओहायोला कीकोल्ट-ग्लेझर बाईंनी १३ बायका घेतल्या, ज्या घरात स्मृती गेलेल्या नातेवाइकाची सेवा करत होत्या, कोणाची आई, कोणाचा नवरा. आणि त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या १३, ज्यांच्यावर तशी जबाबदारी नव्हती. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या बायकांना सरासरी ३९ दिवस लागले. सेवा करणाऱ्यांना जवळजवळ ४९. दुसऱ्याचं करून करून थकलेल्या बाईची कातडीसुद्धा हळू भरते. मनाचा शरीरावर परिणाम होतो का असं कोणी विचारलं तर मी लोकांना गोळ्यांच्या गोष्टी आधी सांगत नाही, या १३ बायकांची सांगते.

तुझा चटका ताणामुळेच भरत नाही असं मी इथे बसून म्हणणार नाही. तुझ्या आईला शुगर आहे, तू ३८ ची आहेस, तर उद्या सकाळी चहाच्या आधी लॅबमध्ये जा, उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची शुगर दोन्ही तपासून घे, आणि तो हात डॉक्टरांना दाखव. पू, लाली, ठणका असेल तर उद्याची पण वाट पाहू नको. आणि आजच भावाला फोन लाव. त्याला सांग, रोज रात्री दहा वाजता पुण्याहून व्हिडिओ कॉल करायचा आणि आई गुडघ्याने टॉवेल दाबते तेव्हा अंक त्याने मोजायचे. आठवड्यातल्या तीन रात्री त्याच्या, त्या रात्री तू पलंगाजवळ बसायचं नाही, आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. महिन्यातून एकदा नागपूरला येऊन चार दिवस आईजवळ राहायचं, दवाखान्याच्या फाइलसकट. तो नाही म्हणाला तर मला परत लिही, त्याला मी वेगळं पत्र लिहीन.